संत चोखामेळा : महाद्वाराबाहेरचे तिष्ठणे

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकांत आपण संत नामदेवांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय करून घेतला. या घटकात त्यांच्याच मेळ्यातील एका संताचे चरित्र अभ्यासायचे आहे. संत चोखामेळा यांनी आयुष्यभर ज्या देवाची भक्ती केली, त्या देवाच्या मंदिरात त्यांना कधी उजळ माथ्याने पाऊल टाकता आले नाही. ते दाराबाहेर उभे राहिले, तेथेच त्यांची रचना झाली आणि मृत्यूनंतर त्यांच्या अस्थीही दाराबाहेरच विसावल्या.

चरित्राकडे वळण्यापूर्वी दोन शब्द नीट पाहून घेऊ. मराठीत आपण 'वाट पाहतो'. येणारा ज्या रस्त्याने येईल त्या रस्त्यावर डोळे लावून बसणे, हा या शब्दप्रयोगाचा मूळ अर्थ. दुसरा शब्द 'तिष्ठणे'. तो संस्कृतातील 'स्था' या धातूच्या 'तिष्ठति' या रूपावरून आला. त्याचा मूळ अर्थ केवळ 'उभे राहणे' असा आहे. मराठीत मात्र त्याला 'ताटकळत उभे राहणे' अशी छटा प्राप्त झाली. पंढरपूरच्या कथेत ही छटा देवालाही लागू पडते. पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर विठ्ठल अठ्ठावीस युगे उभा आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणजे गाभाऱ्यात देव तिष्ठत आहे आणि महाद्वाराबाहेर भक्त तिष्ठत आहे. चोखोबांचे चरित्र या दोन तिष्ठण्यांच्या मधल्या अंतरात घडते.

साधनांविषयी सावधगिरी

चोखोबांच्या चरित्राची साधने तीन प्रकारची आहेत. पहिले, त्यांच्या नावावर असलेले सुमारे साडेतीनशे अभंग. दुसरे, त्यांच्या कुटुंबीयांचे आणि नामदेवादी समकालीन संतांचे अभंग. तिसरे, पुढील काळातील संतचरित्रे. त्यांत महिपतींचा 'भक्तविजय' हा ग्रंथ प्रमुख आहे. 'भक्तविजय' १७६२ मध्ये पूर्ण झाला, आणि चोखोबांचा मृत्यू परंपरेनुसार १३३८ मधला. दोहोंमध्ये सव्वाचारशे वर्षांचे अंतर आहे. अभंगही दीर्घकाळ मौखिक परंपरेतून आणि वह्यांतून आले असल्याने त्यांची भाषा बदलत गेली. चोखोबांचे अभंग मंगळवेढ्याच्या अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. अक्षरओळखीपासून दूर ठेवलेल्या कवीचे शब्द कोणाच्या तरी लेखणीतूनच आपल्यापर्यंत पोहोचले, एवढे तरी या परंपरेवरून लक्षात येते. म्हणून पुढील विवेचनात कथेला कथा म्हटले आहे आणि इतिहासाला इतिहास.

जन्म, कुटुंब आणि काळ

चोखोबांच्या जन्मस्थानाविषयी एकमत नाही. विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाजवळ मेहुणा राजा हे गाव आहे. ते त्यांचे जन्मगाव मानले जाते. अन्य परंपरा पंढरपूर व मंगळवेढा परिसराकडे बोट दाखवतात. त्यांचे वास्तव्य मंगळवेढ्यास होते आणि मृत्यूही तेथेच झाला, याविषयी मात्र वाद नाही. मंगळवेढे पंढरपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. एका दिवसाच्या चालीचे हे अंतर आहे आणि चोखोबांच्या आयुष्याला त्याने आकार दिला.

त्यांचे कुटुंब कवींचे कुटुंब होते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, निर्मळेचे पती बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांच्या नावावर अभंग आहेत. गावकुसाबाहेरच्या एकाच घरातील पाच जणांची वाणी सात शतके टिकून राहावी, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील असाधारण घटना होय.

चोखोबांच्या नावातच एक विलक्षण गोष्ट आहे. 'चोख' म्हणजे शुद्ध, निर्भेळ. संस्कृत 'चोक्ष' या शब्दापासून तो आला. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याच्या नावाचा अर्थ 'शुद्ध' असा होता. हा विरोध त्या अभंगांना अपरिचित नाही; शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण, हा प्रश्न त्यांतून पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

हा काळ देवगिरीच्या यादवांच्या वैभवाचा आणि अस्ताचा होता. १२७३ ते १२७७ या वर्षांत पंढरपूरच्या मंदिरासाठी दान देणाऱ्यांची नोंद करणारा शिलालेख कोरला गेला. तो 'चौऱ्यांशीचा लेख' म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्यात रामचंद्रदेव यादवाचाही उल्लेख आहे. १२९० मध्ये 'ज्ञानेश्वरी' सिद्ध झाली. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली आणि त्याच सुमारास अल्लाउद्दीन खिलजीचा देवगिरीवर हल्ला झाला. पुढे दोन दशकांत यादवांचे राज्य संपले. राज्य बदलले तरी गावगाडा बदलला नाही. महारांकडे मेलेली जनावरे ओढणे, गावची सीमा राखणे, निरोप पोहोचवणे आणि वेठीने बोलावतील ती कामे करणे हे पूर्वीप्रमाणेच चालू राहिले.

पंढरीची वाट

परंपरेनुसार चोखोबांचे गुरू नामदेव. नामदेव शिंपी समाजातील होते आणि त्यांच्या कीर्तनाने चंद्रभागेच्या वाळवंटात सर्व जातींचे भक्त एकत्र येत. वाळवंटात एकत्र येता येई, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कीर्तनाची जागा उघडी होती. तिला दार नव्हते. दार होते ते मंदिराला. वारकरी संप्रदायाने भक्तीचा अधिकार सर्वांना दिला, परंतु गाभाऱ्यापर्यंत जाण्याचा अधिकार देणे त्याच्या हातात नव्हते. चोखोबा वाळवंटात नाचू शकत होते. महाद्वाराशी मात्र त्यांची वाट संपत होती.

त्यांच्या अभंगांतील दैनंदिन जग या मर्यादेने घडवलेले आहे. देव हा धनी, आपण त्याच्या दारातील चाकर, आपले मागणे उष्ट्या अन्नापुरते, अशी भाषा त्यांत येते. 'जोहार' हा महारांचा धन्याला करावयाचा मुजरा होता. तो शब्दच त्यांनी अभंगाचा विषय केला. व्यवहारात लाचारीने उच्चारावा लागणारा शब्द देवासमोर उच्चारला की त्याचा अर्थ पालटतो. असा मुजरा देवाला केला म्हणजे गावचा धनी हा खरा धनी राहत नाही. भाषाभ्यासाच्या विद्यार्थ्यांनी शब्दाच्या या स्थलांतराकडे विशेष लक्ष द्यावे.

त्यांच्या अभंगांचे दोन सूर आहेत. एक सूर समजूत घालणारा: बाहेरचे रूप वाकडे असले तरी आतला रस वाकडा नसतो, हे सांगण्यासाठी ते उसासारखा शेतातला दाखला घेतात. दुसरा सूर जाब विचारणारा: विटाळ जन्मापासून मरणापर्यंत सर्वांनाच आहे, तर सोवळा कोण उरला? काही अभंगांत हीन जन्माचे कारण म्हणून पूर्वजन्मीच्या दोषाचा स्वीकारही आढळतो. हे तीनही भाव एकाच नावाखाली आहेत. त्यांपैकी सोयीचा तेवढा एक उचलून चोखोबांचे चित्र रंगवणे, ही अभ्यासकाची चूक ठरेल.

दाराबाहेरची वर्षे : कथा आणि त्यांचा अर्थ

चोखोबांविषयीच्या कथांपैकी सर्वांत प्रसिद्ध कथा हाराची आहे. एका रात्री विठ्ठल स्वतः चोखोबांचा हात धरून त्यांना गाभाऱ्यात घेऊन गेला आणि आपल्या गळ्यातील रत्नहार त्याने त्यांच्या गळ्यात घातला. सकाळी हार सापडला तो चोखोबांजवळ. त्यांच्यावर चोरीचा आरोप आला, मारहाण झाली, बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा ठरली; पण बैल जागचे हलले नाहीत, असे कथा सांगते. दुसऱ्या कथेनुसार पंढरपुरातून हाकलले गेल्यावर चोखोबा चंद्रभागेच्या पैलतीरी राहिले आणि तेथे त्यांनी दीपमाळ उभारली. देव तेथे त्यांच्याबरोबर जेवायला आला. सोयराबाईंच्या हातून दही सांडले, तेव्हा मंदिरातील मूर्तीचा पीतांबर भिजला.

या कथांची रचना पाहा. प्रत्येक कथेत देव दाराबाहेर येतो किंवा भक्ताला चोरून आत नेतो. दार मात्र जसेच्या तसे राहते. दक्षिणेतील दोन कथांशी तुलना केली, तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तमिळ शैव परंपरेतील नंदनार हे अस्पृश्य भक्त चिदंबरमला जाण्याची आस धरून होते. 'उद्या जाईन' असे ते रोज म्हणत, म्हणून त्यांचे नावच 'उद्या जाणारे' अशा अर्थाचे पडले. तिरुप्पुंगूरच्या मंदिरात त्यांना बाहेरून दर्शन व्हावे यासाठी नंदी बाजूला सरकला. चिदंबरममध्ये मात्र त्यांना प्रवेश मिळाला तो अग्नीतून गेल्यावर. कर्नाटकात उडुपीला कनकदासांसाठी कृष्णाची मूर्ती वळली आणि भिंतीला पडलेल्या फटीतून त्यांना दर्शन झाले, अशी कथा आहे. या तीनही प्रदेशांत लोककल्पनेला देव हलवता आला, नंदी हलवता आला. ज्यांच्या हाती दार होते ती माणसे मात्र कोणत्याही कथेत आपणहून बाजूला होत नाहीत. लोककथा अनेकदा वास्तवाविषयी असे बोलतात.

घरातले आवाज

चोखोबांच्या प्रतीक्षेचा विचार केवळ त्यांच्या एकट्याच्या श्रद्धेच्या रूपात करणे अपुरे आहे. त्या प्रतीक्षेची किंमत घरानेही मोजली. सोयराबाई गरोदर असताना चोखोबा बहिणीकडे, मेहुणपुरीला, निघून गेले, अशी कथा आहे. तेव्हा विठ्ठलच निर्मळेचे रूप घेऊन सोयराबाईंच्या बाळंतपणाला आला. कथा देवाचे कौतुक करते. परंतु निर्मळेच्या नावावरील अभंगांत पत्नीला अशा वेळी एकटी सोडून आल्याबद्दल भावाची कानउघाडणीही आहे. भक्ती आणि संसार यांतील हा ताण त्या घराने लपवून ठेवला नाही.

सोयराबाई अभंगाच्या शेवटी नवऱ्याच्या नावाने आपली ओळख सांगतात, परंतु विचार त्यांचा स्वतःचा आहे. विटाळाविषयीचे त्यांचे विवेचन तर्ककठोर आहे: देह विटाळातूनच उपजतो, मग विटाळ नसलेला देह आणायचा कोठून? आत्मा शुद्ध असेल, तर विटाळाने बाटते ते नेमके काय? तेराव्या-चौदाव्या शतकातील एका स्त्रीने देहधर्मावरून मांडलेला हा युक्तिवाद आजही ताजा वाटतो.

पुढच्या पिढीचा आवाज कर्ममेळ्याचा. त्याच्या अभंगांत वडिलांची समजूतदार शांतता उरलेली नाही. आम्हाला हीन जन्म दिलास, उष्ट्यावर जगवलेस, यात तुला लाज कशी वाटत नाही, अशा आशयाचा रोकडा सवाल तो देवालाच करतो. तरीही सवाल देवालाच केलेला आहे, हे विसरू नये. ज्याच्यावरचा विश्वास पूर्ण उडाला त्याच्याशी माणूस भांडत नाही. पित्याची श्रद्धा वाट पाहते आणि पुत्राची श्रद्धा जाब विचारते, असा फरक या एकाच घरात दिसतो.

मृत्यू

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते आणि त्यासाठी महारांना कामाला लावण्यात आले होते. चोखोबा त्या कामावर असताना भिंत कोसळली आणि अनेक मजुरांसह ते तिच्याखाली गाडले गेले. परंपरेने दिलेली तिथी शके १२६०, वैशाख वद्य पंचमी, म्हणजे इ. स. १३३८ अशी आहे. गावकूस म्हणजे गावाला वेढणारी भिंत. महारवाडा या भिंतीच्या बाहेर असे. ज्या भिंतीने त्यांच्या वस्तीला गावाबाहेर ठेवले, तीच बांधत असताना त्यांना मृत्यू आला. नंदनारांसाठी नंदी सरकला, कनकदासांसाठी भिंत दुभंगली; चोखोबांच्या चरित्रात मात्र भिंत अंगावर पडली.

पुढील कथा नामदेवांची आहे. ते मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यातील असंख्य अस्थींमधून चोखोबांच्या अस्थी ओळखायच्या कशा? नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी लावली; ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या त्यांनी पदरात घेतल्या आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. कथेचा अद्भुत भाग बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. वेठीच्या कामावर मेलेल्या मजुरांची नावे इतिहासात सहसा उरत नाहीत. त्या ढिगाऱ्यातील एका मजुराचे नाव उरले, कारण एक मित्र त्याला शोधत आला. आज नामदेव पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी अशा जवळजवळ आहेत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी ही समाधी पुढे कित्येक शतके पंढरीच्या वाटेवरची शेवटची खूण ठरली; तेथून पुढे त्यांना जाता येत नसे.

सहाशे वर्षांनंतर : नागपूर आणि पंढरपूर

विसाव्या शतकात चोखोबांच्या प्रतीक्षेचा नवा विचार सुरू झाला आणि त्यात नागपूरचा वाटा मोठा आहे. नागपूर जिल्ह्यातील मोहपा येथे १८७९ मध्ये जन्मलेले किसन फागूजी बनसोडे हे या भागातील दलित चळवळीचे आद्य नेते आणि पत्रकार. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी शाळा काढली, तिला चोखामेळ्यांचे नाव दिले. १९१३ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसक' हे पत्र सुरू केले आणि १९३१ मध्ये 'चोखामेळा' या नावाचेच पत्र काढले. चोखोबा आणि सोयराबाई यांनी ज्या 'विटाळा'वर अभंगांतून प्रश्न उभे केले, तोच शब्द सहाशे वर्षांनी 'विध्वंसक' या शब्दाशी जोडला गेला. बनसोडे यांनी दाराबाहेर उभे राहणाऱ्या संताचे नाव शाळेच्या दारावर लावले. त्या दारातून मुली आत गेल्या. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर एकाच वर्षाने, १ मे १९४७ रोजी, साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण आरंभिले. त्यापूर्वी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले होते. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर उपोषण सुटले. चोखोबांच्या मृत्यूनंतर ६०९ वर्षांनी त्यांच्या समाधीपलीकडची वाट मोकळी झाली.

परंतु तोपर्यंत अनेकांनी वाट पाहणे सोडून दिले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतील समतेसाठी झगडा केला नाही, अशी त्यांची टीका होती. असे असूनही १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या उगमाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबांचा मार्ग त्यांनी नाकारला. चोखोबांना नाकारले नाही.

समारोप

संपर्कसत्रात हे चरित्र शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: इतके सोसूनही चोखोबांनी श्रद्धा का सोडली नाही? या प्रश्नाचे घाईने उत्तर देणे टाळावे. ती केवळ सोशिकता होती असे म्हटले, तर त्यांचे जाब विचारणारे अभंग नजरेआड होतात. ते बंड होते असे म्हटले, तर पूर्वजन्मीचा दोष मान्य करणारे अभंग आडवे येतात. त्यांच्या अभंगांवरून एवढे निश्चित म्हणता येते की, दार बंद करणारी माणसे आणि दाराआडचा देव यांना त्यांनी एक मानले नाही. माणसांनी नाकारले म्हणून देवाने नाकारले, असा निष्कर्ष त्यांनी काढला असता, तर त्यांची भक्ती पहिल्याच दिवशी संपली असती. हा फरक त्यांनी मरेपर्यंत जपला आणि त्याच्याच बळावर ते उभे राहिले.

मात्र एका माणसाने श्रद्धेने वाट पाहिली, म्हणून इतरांनी त्याला वाट पाहायला लावणे न्याय्य ठरत नाही. चोखोबांच्या धीराचे कौतुक करताना ज्यांनी तो धीर सहाशे वर्षे आवश्यक करून ठेवला, त्या व्यवस्थेचा हिशेब मांडणेही आपले कर्तव्य आहे. पंढरपूरला गेलात, तर आत जाण्यापूर्वी महाद्वारासमोरील त्या समाधीपाशी क्षणभर थांबा. आपल्याला तेथून पुढे जाता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'वाट पाहणे' आणि 'तिष्ठणे' या शब्दांच्या अर्थच्छटांच्या आधारे चोखामेळ्यांच्या जीवनाचे विवेचन करा.
२. चोखामेळा, सोयराबाई आणि कर्ममेळा यांच्या अभंगांतील देवाशी असलेल्या नात्यातील साम्य व भेद स्पष्ट करा.
३. नंदनार, कनकदास आणि चोखामेळा यांच्या कथांतील 'दार' व 'भिंत' या प्रतिमांची तुलना करा.
४. किसन फागूजी बनसोडे आणि डॉ. आंबेडकर यांनी चोखामेळ्यांच्या वारशाचा स्वीकार कोणत्या प्रकारे केला, ते आपल्या शब्दांत लिहा.